बाबांच्या हाताची पट्टी

शिर्डीला गेला नाही असा माणूस आपल्या हॉस्टेलवर शोधून सापडणार नाही. सबमिशनच्या आदल्या गुरुवारी तर निम्मा मजला रिकामा असतो! आपलं कॉलेज नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं), त्यामुळे शिर्डी आपल्याला तीर्थक्षेत्र कमी आणि शेजारचं गाव जास्त वाटते. तरीही साईबाबांच्या आयुष्यातली एक गोष्ट मी ज्यांना ज्यांना विचारली, त्यातल्या बहुतेकांना ती माहीत नव्हती. बाबांच्या एका हाताला शेवटची आठ वर्षं रोज सकाळी पट्टी बांधली जायची. आणि ती बांधणारा माणूस स्वतः महारोगी होता.

महारोगी हा जुना शब्द, आता आपण कुष्ठरुग्ण म्हणतो. त्यांचं नाव भागोजी शिंदे. हे मला समजलं 'श्री साईसच्चरित' वाचताना. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ओवीतलं मराठी वाचताना माझी गाडी फर्स्ट गिअरच्या पुढे जात नाही. रूम पार्टनर शेजारी बसून अर्थ सांगायची तेव्हा कुठे एक अध्याय संपायचा. शाळेत सिस्टरांनी आम्हाला फादर डेमियनची गोष्ट सांगितली होती. हवाईच्या मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करता करता त्यांनाच तो रोग झाला आणि १८८९ साली ते गेले. हजारो मैलांवरचे डेमियन मला माहीत, आणि एस.टी.च्या अंतरावरचे भागोजी शिंदे नाहीत! म्हणून हा लेख. चमत्कारांबद्दल मी काही म्हणणार नाही, ज्याची त्याची श्रद्धा. मला बोलायचं आहे ते एका जखमेबद्दल आणि त्या जखमेच्या बाजूने दिसणाऱ्या बाबांच्या आयुष्याबद्दल.

बाबा कुठले, आई-वडील कोण, खरं नाव काय, हे सच्चरित लिहिणाऱ्या गोविंद रघुनाथ दाभोलकरांनाही सांगता आलेलं नाही. सोळा वर्षांचा एक मुलगा शिर्डीत कडुनिंबाखाली बसलेला लोकांना दिसला, मग तो निघून गेला. पुढे धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या नात्यातलं एक वऱ्हाड शिर्डीला आलं, त्यांच्याबरोबर तो तरुण फकीर परत आला आणि मग कायमचा राहिला. वऱ्हाड खंडोबाच्या देवळाजवळ उतरलं होतं. तिथले पुजारी म्हाळसापती यांनी त्याला साई म्हणून हाक मारली, तेच नाव पडलं. शिर्डी तेव्हा कोपरगाव तालुक्यातलं एक लहान खेडं होतं. बाबा एका पडक्या मशिदीत राहायला लागले, तिला त्यांनी द्वारकामाई म्हटलं. ठरलेल्या पाच घरी भिक्षा मागायची, धुनी अखंड पेटती ठेवायची, लेंडीबागेत फेरी मारायची, एक रात्र मशिदीत तर एक रात्र चावडीत झोपायचं. असा सगळा क्रम. कफनी फाटली की स्वतः शिवायची. पाण्याने दिवे पेटवल्याची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, ती इथे नको.

आपल्या विषयाला लागू पडते ती सुरुवातीच्या काळातली वेगळी गोष्ट. बाबा तेव्हा गावात हकीम म्हणून ओळखले जायचे. उदी देणारे बाबा नंतरचे, आधी ते आजारी माणसाला बघून औषध द्यायचे. सच्चरितात एक प्रसंग आहे. एकाचे डोळे सुजून लाल झाले होते. बाबांनी बिब्बे ठेचले, त्याच्या गोळ्या केल्या, डोळ्यांवर ठेवून वर पट्टी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून पाण्याची धार धरली. सूज उतरली म्हणे. वाचून मला तर काटा आला! बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तरी फोड येतात, आपल्या आज्यांना चांगलं माहीत आहे. कृपा करून कुणी हा प्रयोग आपल्या रेक्टरवरसुद्धा करू नये.

आता मुख्य घटना. साल १९१०, दिवाळी, धनत्रयोदशीचा दिवस. बाबा धुनीपाशी बसून लाकडं सारत होते. धुनी चांगली भडकली होती. एकाएकी त्यांनी लाकडाऐवजी आपला हातच आत घातला. जवळच्या सेवेकऱ्याने आणि माधवराव देशपांड्यांनी ते बघितलं. हे माधवराव म्हणजे शामा. ते धावले, बाबांच्या कमरेला मागून मिठी मारली आणि जोर लावून त्यांना मागे ओढलं. तोपर्यंत हात भाजलेला होता. असं का केलंत म्हणून विचारल्यावर बाबांनी सांगितलं ते असं : दूर कुठेतरी एका लोहाराच्या बायकोच्या मांडीवरचं मूल, ती नवऱ्याच्या हाकेला उठताना भट्टीत पडलं, त्याला वाचवायला हात घालावा लागला. मूल वाचलं हे महत्त्वाचं, हात भाजल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

माधवरावांनी नानासाहेब चांदोरकरांना पत्र लिहिलं. नानासाहेब मोठे सरकारी अधिकारी आणि बाबांचे लाडके भक्त. ते मुंबईचे नामांकित डॉक्टर परमानंद यांना बरोबर घेऊन शिर्डीला हजर झाले. मलम, लिंट, बँडेज, सगळं सामान घेऊन. त्या काळी मुंबईहून येणारे लोक कोपरगावला रेल्वेतून उतरायचे आणि पुढे टांग्याने यायचे, म्हणजे प्रवास काही सोपा नव्हता. इतक्या लांबून आलेल्या डॉक्टरांना बाबांनी हात दाखवलाच नाही. नानासाहेबांनी विनवलं, डॉक्टरांनी स्वतः विनवलं. बाबा आज नको उद्या करत टाळत राहिले, देवच आपला डॉक्टर आहे म्हणाले. डॉ. परमानंदांची पेटी जशी आली तशीच बंद परत गेली.

आणि पट्टी कोण बांधत होतं? भागोजी. रोज सकाळी बाबा धुनीजवळच्या खांबापाशी बसले की भागोजी यायचे. आदल्या दिवशीची पट्टी सोडायची, हाताला तूप चोळायचं, वर एक पान ठेवायचं आणि पुन्हा घट्ट पट्टी बांधायची.

इथे मी जरा थांबते, कारण आपण इंजिनिअरिंगवाले, आपल्याला 'हे चाललं कसं' हा प्रश्न पडतोच. भाजलेल्या जागी सगळ्यात मोठा त्रास म्हणजे कापूस किंवा कापडाची जाळी जखमेला चिकटते. पट्टी बदलताना ती ओढली की नुकती आलेली नाजूक कातडी तिच्याबरोबर निघते. म्हणजे काल भरलेलं आज उघडं! पान गुळगुळीत असतं, ते चिकटत नाही आणि जखम कोरडीही पडू देत नाही. जखम ओलसर ठेवली तर लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं ते १९६२ साली. त्याआधी जखम उघडी ठेवून वाळवावी, खपली धरू द्यावी, असंच सगळे मानत. आपल्या मुंबईत तर पुढे या पानावर रीतसर संशोधन झालं. सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरलं आणि २००३ साली ते शोधनिबंधात मांडलं. त्याआधी वाडिया हॉस्पिटलमध्ये डॉ. केसवानी यांनी बटाट्याच्या सालींची पट्टी केली होती. फरक इतकाच की त्यांची पानं आणि साली निर्जंतुक केलेल्या असायच्या.

तूप मात्र आज कुणीही ताज्या भाजण्यावर लावू नका हं. तूप नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई तर नकोच. नळाचं वाहतं गार पाणी वीस मिनिटं, स्वच्छ कापड, आणि सरळ दवाखाना. मेसमध्ये कढई उलटली की प्रत्येक जण वेगळं औषध सुचवतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. पण जखम भरून आल्यानंतरचं चोळणं ही वेगळी गोष्ट आहे. भाजल्याचा व्रण आकसत जातो, सांध्यावर असला तर बोटं किंवा मनगट वाकडं होऊन बसतं. म्हणून बर्न्स वॉर्डमधले फिजिओथेरपिस्ट आजही व्रणाला रोज तेल किंवा क्रीम लावून चोळायला सांगतात आणि वरून दाब देणारा घट्ट कपडा महिनोन्महिने घालायला लावतात. तूप चोळणं आणि घट्ट पट्टी. भागोजींना हे पुस्तकातून माहीत असणं शक्यच नव्हतं.

आता भागोजींबद्दल. सच्चरितात त्यांचं वर्णन वाचवत नाही. बोटं झडलेली, अंगभर पू, दुर्गंधी. त्या काळी कुष्ठरोगावर उपाय असा नव्हताच. गोळ्या आल्या १९४० च्या दशकानंतर, आणि आजचं बहुविध औषधोपचार म्हणतात ते १९८२ नंतर. सरकारकडे उपाय नव्हता पण कायदा होता! १८९८ च्या कायद्याने, पोट भरायचं साधन नसलेल्या आणि रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पोलीस पकडू शकत आणि वेगळ्या आश्रमात डांबता येई. हा कायदा आपल्या देशाने पूर्ण रद्द केला २०१६ साली. म्हणजे आपण शाळेत होतो तोपर्यंत तो पुस्तकात होता. असा माणूस द्वारकामाईत सगळ्यांच्या समोर, सगळ्यांच्या आधी, बाबांना हात लावायचा. मामलेदार, वकील, डॉक्टर बाजूला बसलेले असायचे.

भीती वाटणाऱ्यांसाठी सांगते, कुष्ठरोग फार हळू आणि फार थोड्यांना लागतो. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याच्याशी लढायची ताकद मुळातच असते. तरीही उघड्या जखमेवर पू असलेला हात म्हटल्यावर आजचा कुठलाही डॉक्टर ओरडेल, आणि बरोबरच ओरडेल. मला ते झाकायचं नाही.

पण माझा प्रश्न दुसराच होता. बोटं झडलेल्या माणसाने पट्टीची गाठ मारली कशी? आणि बोटं झडतात तरी का? याचं उत्तर शोधताना मला पॉल ब्रँड भेटले. जन्म १९१४, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. गंमत म्हणजे डॉक्टर होण्याआधी हे गृहस्थ इंग्लंडमध्ये सुतारकाम, गवंडीकाम शिकले होते. म्हणजे जवळजवळ आपल्या सिव्हिल ब्रँचचे! १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांमागे लागले. त्यांच्या लक्षात आलं की बोटं रोगाने सडून गळत नाहीत. रोग नसा मारतो, नसा मेल्या की दुखणं बंद होतं. मग गरम भांडं धरलं तरी कळत नाही, खिळा घुसला तरी माणूस चालत राहतो, झोपेत उंदीर कुरतडून गेला तरी जाग येत नाही. जखमेवर जखम होत बोटं झिजून संपतात. दुखणं ही आपल्या शरीरातली अलार्म सिस्टीम आहे, आणि तीच बंद पडलेली.

तळपायाच्या जखमा वर्षानुवर्षं भरत नसत, त्याचंही कारण त्यांनी असंच शोधलं. औषध चुकत नव्हतं, दाब चुकत होता. आपल्याला पहिल्या वर्षात शिकवतात ना, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. चालताना सगळं वजन तळव्याच्या एका उंचवट्यावर येतं. तुम्ही-आम्ही लंगडतो, पाय बदलतो. ज्याला दुखत नाही तो त्याच जागेवर हजारो पावलं टाकतो. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावलापासून पोटरीपर्यंत घट्ट बसणारं प्लास्टर घातलं. वजन अख्ख्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटलं गेलं, आणि महिनोन्महिने उघडी राहिलेली जखम काही आठवड्यांत भरायला लागली. पुढे मऊ रबराच्या चपला आल्या. अमेरिकेत गेल्यावर त्यांनी इंजिनिअरांना हाताशी धरून दाब मोजणारे हातमोजेही करून बघितले. दाब वाढला की आवाज व्हायचा, तरी ऐकलं नाही तर विजेचा सौम्य झटका. रुग्ण काय करायचे? काम पूर्ण करायचं म्हणून बटण बंद करायचे! प्रोजेक्ट फसला. ज्यांचं फायनल इयर प्रोजेक्ट अडलंय त्यांना धीर यावा म्हणून सांगितलं. ब्रँड २००३ साली वारले.

ही गोष्ट आता फक्त कुष्ठरोगाची राहिलेली नाही. मधुमेहातही पायाच्या नसा अशाच बधिर होतात. आयसीएमआरची जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली तिच्यानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. म्हणजे आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात एक तरी असणार. माझ्या घरात दोन आहेत. आणि आपल्याकडे शिर्डीला पालखीबरोबर पायी जायची पद्धत, त्यातले कितीतरी अनवाणी. नाशिक, पुणे, मुंबईकडून येणाऱ्या पालख्या आपण रस्त्यावर बघतोच. तरुण पोराच्या पायाला फोड आला तर तो कळवळतो, थांबतो. पन्नाशीच्या काकांना आला तर कदाचित कळणारही नाही. मुक्कामावर मोजा काढला की रक्त दिसतं. तीच जखम पुढे बोट काढण्यापर्यंत, कधी पाय काढण्यापर्यंत जाते. माझ्या एका काकांचं असंच झालं. एका दवाखान्यात दोन महिने नुसतं मलम आणि गोळ्या मिळत राहिल्या, पायावरचा भार काढा असं कुणी सांगितलंच नाही. दुसरीकडे प्लास्टर घातलं तेव्हा जखम भरली. एक बोट गेलं, पाय वाचला.

बधिरपणा तपासायची पद्धत तुम्हाला आवडेल. नायलॉनचा एक धागा असतो, तो तळव्यावर टेकवून दाबायचा. बरोबर १० ग्रॅम बलाला तो वाकतो. कळलं तर पाय ठीक, नाही कळलं तर सावध! धागा १० ग्रॅमलाच का वाकतो? स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समधला ऑयलरचा कॉलम आठवा. व्हायवाला उदाहरण म्हणून सांगितलंत तर एक्स्टर्नल खूश होईल. घरी काय करायचं ते त्याहून सोपं : रोज रात्री आई-बाबांचे तळवे बघायचे, बोटांच्या मधेही बघायचं, आणि पायी वारी करायचीच असेल तर बूट-मोजे घालून करायची. बाबा रागावणार नाहीत. ते स्वतः डॉक्टरला हात दाखवत नव्हते हे खरं, पण आपण त्यांचं तेवढंच उचलायचं का? पानाची पट्टी आठ वर्षं रोज बदलली गेली, एक दिवस चुकली नाही, हे उचलायला काय हरकत आहे? न भरणाऱ्या जखमेचं निम्मं औषध हे 'रोज' असतं, असं काकांची पट्टी बदलणाऱ्या सिस्टर सांगायच्या.

पण आठ वर्षं कशाला? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. भाजल्याची जखम काही आठवड्यांत भरते, व्रण वर्ष-दोन वर्षांत मऊ पडतो. सच्चरितातही हात काही दिवसांत बरा झाल्याचं लिहिलंय. तरी १९१० पासून १९१८ पर्यंत पट्टी सोडणं, तूप चोळणं, पट्टी बांधणं चालूच. दाभोलकर म्हणतात, बाबांना त्या उपचाराची गरज नव्हती, भागोजींची सेवा खंडू नये म्हणून ते हात पुढे करत. मी एवढी भाविक नाही, पण हे मला पटलं. ज्याला गावात कुणी शिवत नाही, त्याला रोज सकाळी एका माणसाला शिवायचं हक्काचं कारण होतं. डॉ. परमानंदांनी उत्तम उपचार केले असते, हात कदाचित लवकरही बरा झाला असता, पण मग भागोजींचं काम सुटलं असतं. पट्टी हाताला होती, जखम मात्र मला वाटतं दुसऱ्याची होती. आणि हेही खरं की त्या अध्यायात भागोजींचा रोग बरा झाल्याचं मला कुठे दिसलं नाही. चमत्कारांनी भरलेल्या पोथीत हा एक माणूस तसाच राहिला, आणि रोज येत राहिला. बाबा लेंडीबागेकडे निघाले की त्यांच्या डोक्यावर छत्री धरून चालायचं कामही भागोजींचंच होतं.

१९१८ च्या सप्टेंबर अखेरीस बाबांना ताप आला. दोन-तीन दिवसांत उतरला, पण जेवण सुटलं, अशक्तपणा वाढत गेला. तरी आधार घेऊन भिक्षेला जाणं बरेच दिवस सोडलं नाही. १५ ऑक्टोबरला विजयादशमी होती, मंगळवार. दुपारची आरती झाल्यावर बाबांनी काकासाहेब दीक्षित, बापूसाहेब बुट्टी वगैरे मंडळींना जेवायला वाड्यात पाठवलं. लक्ष्मीबाई शिंद्यांना आधी पाच आणि मग चार, असे नऊ रुपये दिले. मशिदीत मोजकी माणसं उरली. बाबा बयाजी कोते यांच्या अंगावर टेकले. श्वास थांबल्याचं सगळ्यात आधी लक्षात आलं ते भागोजींच्या. त्यांनी खाली बसलेल्या नानासाहेब निमोणकरांना सांगितलं. निमोणकरांनी घाईघाईने बाबांच्या तोंडात पाणी घातलं, ते बाहेर आलं.